आकड्याला नाव देताना

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की जालना जिल्हा मागे राहतो आणि गेवराई तालुक्यापासून बीड जिल्हा सुरू होतो. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, तिथे जायकवाडीचे धरण आणि त्याचे २७ दरवाजे. धरणाचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरला की दोन्ही काठांच्या गावांत एकच चौकशी चालते : किती क्युसेक सोडले? २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणात पाणी शिरले होते. त्या पुराच्या गोष्टी काठावरची माणसे अजून सांगतात.

अशा नदीवर पूल बांधायचा असेल, घाट बांधायचा असेल किंवा पूररेषा आखायची असेल, तर अभियंत्यापुढचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर केवढा धरायचा? हातात मात्र तीस-चाळीस वर्षांच्याच नोंदी असतात : दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग. तेवढ्यावरून शंभर वर्षांपर्यंत पोहोचण्याच्या ज्या रीती जलविज्ञानात रूढ आहेत, त्यांतली एक एमिल गुंबेल यांची. पुरांच्या पुनरावृत्तीवरचा त्यांचा लेख १९४१ चा. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला ही रीत पाठ असते. नोंदींची सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, त्या विचलनाला एका गुणकाने गुणा आणि आलेला आकडा सरासरीत मिळवा. शंभर वर्षांसाठी हा गुणक ३.१३७ आहे. तो येतो असा : ४.६०० मधून ०.५७७२ वजा करायचे आणि उरलेल्याला १.२८२५ ने भागायचे.

यातले ४.६०० हे शंभर वर्षांच्या मुदतीतून आले, हे गणित करताना दिसतेच. उरलेले दोन आकडे कुठून आले, हे विचारायचे राहून जाते. १.२८२५ म्हणजे पायला सहाच्या वर्गमुळाने भागून आलेला भागाकार; वर्तुळाचा पाय पुराच्या गणितात आला आहे. ०.५७७२ हा ऑयलरचा स्थिरांक, ज्याला गॅमा म्हणतात. एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अशी बेरीज करत जायचे, जितकी पदे झाली त्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम त्यातून वजा करायचा. पदे वाढत जातात तसतशी ही वजाबाकी ज्या संख्येशी येऊन टेकते ती ही. गुंबेलच्या वितरणात सर्वाधिक संभाव्य पूर आणि सरासरी पूर यांच्यातले अंतर नेमके या गॅमाने मोजले जाते. एखाद्याने घाईत दोन्ही एकच धरले आणि गॅमा वजा करायचा राहिला, तर गुणक ३.१३७ ऐवजी ३.५८७ येतो. म्हणजे पूर ०.४५ प्रमाण विचलनाने फुगतो, आणि तो फुगवटा पुलाच्या उंचीत आणि खर्चात उतरतो. उलट बाजूची गफलत झाली तर पूल तेवढाच बुटका राहतो.

या पुस्तकाचा विषय अशा संख्या आहेत. संख्यात्मक गणनेच्या लायब्ररीत त्या नावानिशी कशा ठेवायच्या, किती अंकांपर्यंत ठेवायच्या, कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या घ्यायच्या नाहीत, एवढेच यात सांगितले आहे. वरवर पाहता काम एका ओळीचे आहे : डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. म्हणूनच त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. माझ्या मते लायब्ररीतली सर्वांत जास्त जबाबदारीची ओळ हीच. एखाद्या फंक्शनमध्ये चूक असली तर ते वापरणाऱ्याला ती कधी ना कधी खटकते. स्थिरांकातली चूक मात्र कोणी तपासतच नाही, कारण छापील आकड्यावर विश्वास ठेवायची आपल्याला लहानपणापासून सवय असते.

गॅमाचीच हकिगत पाहा. ऑयलरने १७३४ च्या सुमारास या संख्येचा शोध घेतला. १७९० मध्ये इटलीच्या लोरेन्झो मास्केरोनी यांनी तिचे ३२ अंक काढून छापले, आणि आजही ऑयलरच्या जोडीने त्यांचे नाव या स्थिरांकाला लागते. पण त्या ३२ अंकांतले पहिले १९ च बरोबर होते. १८०९ मध्ये सोल्डनर यांनी वेगळ्या वाटेने गणित केले तेव्हा विसाव्या अंकाशी दोघांचा मेळ बसेना. खरा कोण, हे ठरवायला गाऊसने १८१२ मध्ये निकोलाई या तरुण गणितीकडून ४० अंक काढून घेतले, आणि सोल्डनर बरोबर ठरले. एकोणीस वर्षे एक चुकीचा आकडा थोर माणसाच्या नावाने उभा होता. म्हणून पुस्तकात प्रत्येक स्थिरांकाशेजारी तो काढण्याच्या निदान दोन स्वतंत्र रीती दिल्या आहेत, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत ती ओळ लायब्ररीत टाकू नये असा आग्रह धरला आहे.

पायथॉनच्या जगात रोज वापरल्या जाणाऱ्या नमपाय या लायब्ररीत गॅमा नावानिशी आला तो २०१३ च्या १.८ या आवृत्तीत. पाय आणि ई तिथे आधीपासून होते. सी प्लस प्लस या भाषेचे पहिले अधिकृत मानक १९९८ चे, पण त्यात पायला जागा मिळायला २०२० उजाडले. तेव्हा एकदम तेरा स्थिरांक घेतले गेले, त्यांत गॅमाही आहे. तोपर्यंत प्रत्येक जण आपापला पाय लिहीत होता. फोरट्रानवाले एकच्या व्यस्त स्पर्शज्येला चाराने गुणून घेत, सीवाले युनिक्सच्या हेडरमध्ये असलेला घेत, आणि बाकीचे आठवतील तेवढे अंक टाइप करत.

आठवतील तेवढे अंक टाइप केल्याने काय होते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक पाते फिरते आहे आणि प्रोग्राममध्ये त्याचा कोन दर फेरीला पायच्या दुपटीने वाढतो असे समजू. पाय म्हणून ३.१४ लिहिले, तर हजार फेऱ्यांनंतर पाते जिथे असायला हवे त्याच्या १८२ अंश मागे असते, म्हणजे जवळजवळ बरोबर उलट्या दिशेला. बावीस सप्तमांश घेतले तर ते १४५ अंश पुढे जाते. एका फाइलमध्ये एक आणि दुसरीत दुसरे असेल, तर दोन्ही आपापल्या जागी ठीकच वाटतात. एकत्र आले की एक मागे ओढते, एक पुढे ढकलते, आणि चूक कुणाची हे सापडत नाही. लायब्ररीतला ६४ बिटांचा पाय घेतला, तर केवळ स्थिरांकामुळे होणारी चूक हजार फेऱ्यांनंतर इतकी लहान असते की अंशात लिहिताना दशांश चिन्हापुढे दहा शून्ये टाकावी लागतात.

याच हिशेबात मी आणखी एक आकडा घालून पाहिला : ३९२७ भागिले १२५०. हजार फेऱ्यांनंतर चूक ०.८४ अंश, म्हणजे एका अंशाहूनही कमी. हा आकडा ११५० सालचा, भास्कराचार्यांच्या लीलावतीतला. तिथे तो एकटा येत नाही. त्याच्या जोडीला बावीस सप्तमांशही दिले आहेत, आणि पहिले सूक्ष्म, दुसरे व्यवहारापुरते स्थूल, असे स्पष्ट बजावले आहे. आजच्या कितीतरी लायब्रऱ्यांच्या माहितीपत्रकांत हे दिसत नाही. किंमत दिलेली असते, तिचा दर्जा दिलेला नसतो.

स्थूल किमतीला भास्कराचार्यांनी हिणवले नाही, हेही लक्षात घ्यावे. आमच्याकडे वीस फूट व्यासाची विहीर बांधताना आतल्या परिघासाठी बावीस सप्तमांश धरले, तर खऱ्या पायपेक्षा फरक पडतो पाव इंचाहून थोडा जास्त. एका सांध्यातला सिमेंटचा थर त्याहून जाड असतो. गवंड्याला सोळा अंकी पाय देऊन त्याच्या कामात काहीच भर पडत नाही. पुराच्या गणितातही तसेच : नोंदीच तीस-चाळीस वर्षांच्या असतील तर ०.५७७२ आणि गॅमाचे पुढचे बारा अंक यांत नदीला काही फरक कळणार नाही. मग लायब्ररीत सगळे अंक कशासाठी? कारण लायब्ररी लिहिणाऱ्याला आपला आकडा उद्या कुठे जाणार हे ठाऊक नसते. तोच पाय कोणी विहिरीला लावेल, कोणी उपग्रहाच्या कक्षेला, कोणी कोट्यवधी वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये घालेल. स्थूल करायचे असेल तर ते वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर करावे. देणाऱ्याने त्या प्रकारच्या संख्येत मावेल तितके सूक्ष्मच द्यावे.

एकच किंमत सगळीकडे पाळण्याचा नमुनाही भास्कराचार्यांकडेच सापडतो. सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक एक चोविसांश योजने दिला आहे. तो एक चोविसांश पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो कशाला जोडला असेल हे कळेना. भागाकार करून पाहा. उत्तर ३.१४१६ येते, म्हणजे बरोबर ३९२७ भागिले १२५०. बावीस सप्तमांशाने त्याच व्यासाचा परिघ काढला तर तो ४९६९ योजनांच्या आसपास जातो, दोन योजनांचा फरक पडतो. अंकगणिताच्या ग्रंथात सूक्ष्म म्हणून दिलेली किंमत खगोलाच्या ग्रंथात तंतोतंत वापरली आहे. निरनिराळ्या विषयांसाठी लिहिलेले दोन ग्रंथ, पण त्यांतला पाय एक. लायब्ररीत स्थिरांक ठेवायचा तो याचसाठी. टाइप करण्याचे श्रम वाचतात हा त्यातला गौण फायदा.

भास्कराचार्य आमच्या भागाला परके नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळातला शिलालेख १२०७ सालचा. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव सिंघणाचा ज्योतिषी; त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला आणि त्याला दान मिळाले, असे त्या लेखात आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. पुढच्या काळात गोदाकाठी ही विद्या चांगलीच रुजली. शहागडहून नदीच्या खालच्या अंगाला परभणी जिल्ह्यातली पाथरी लागते. १५०३ मध्ये सिद्धांतसुंदर लिहिणाऱ्या ज्ञानराजाचे पार्थपूर ते हेच, असे मानतात. त्याचा मुलगा सूर्यदास याने १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिली. गोदावरीच्या उत्तर काठच्या गोलग्रामातले घराणे तर पिढ्यान्‌पिढ्या गणिताचेच. त्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीत सिद्धांततत्त्वविवेक पुरा केला आणि त्यात ६० त्रिज्या धरून प्रत्येक अंशाची ज्या, म्हणजे साइन, कोष्टकात दिली.

ही ६० त्रिज्या पाहून थांबावेसे वाटते, कारण त्याआधीच्या बहुतेक सिद्धांतांत त्रिज्या ३४३८ असते. हा आकडा असा विचित्र का? वर्तुळाच्या २१,६०० कला होतात. त्यांना पायच्या दुपटीने भागले की ३४३७.७५ येतात, म्हणजे जवळचा पूर्णांक ३४३८. त्रिज्या एवढी धरली की कोनाच्या कला आणि कंसाची लांबी एकच होते. अंश-कला यांतून लांबीत जाण्याचे गणित वेगळे करावे लागत नाही. पाय त्या त्रिज्येतच मुरलेला आहे. आजच्या प्रोग्रामांत ५७.२९५८ हा आकडा जागोजाग दिसतो, तो या ३४३८ चाच धाकटा भाऊ : १८० भागिले पाय. एका आकड्याच्या पोटात दुसरा असा दडलेला असला की वाचणाऱ्याला तो ओळखू येत नाही, आणि बदलायची वेळ आली तर सापडतही नाही. पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण या दडलेल्या स्थिरांकांवर आहे. पुराच्या प्रोग्राममध्ये १.२८२५ लिहू नये. पाय भागिले सहाचे वर्गमूळ असेच लिहावे, म्हणजे तो आकडा कुठून आला हे ओळीतच दिसते.

गणेश दैवज्ञांबद्दल मला जास्त लिहावेसे वाटते. कोकणच्या किनाऱ्यावरच्या नांदगावचे हे ज्योतिषी. गोलग्रामचा दिवाकर त्यांचाच शिष्य, म्हणजे किनारा आणि गोदाकाठ असे जोडलेले. १५२० सालच्या ग्रहलाघवात त्यांनी ज्यांची कोष्टके पार काढून टाकली आणि ग्रहांच्या गणितासाठी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले. त्यांनी प्रत्येक ग्रहाला दोन तयार आकडे नेमून दिले. त्यांतला क्षेपक आरंभाच्या दिवसाची स्थिती सांगतो आणि ध्रुवक दर चक्रामागचा फरक. पंचांग करणाऱ्याने चक्रे मोजायची, गुणायचे, मिळवायचे. लाखो-कोटी दिवसांचा अहर्गण, म्हणजे दिवसांची एकूण मोजणी, हाताने फिरवण्याची गरज उरली नाही. वापरणाऱ्याचे कष्ट ओळखून आधीच काढून ठेवलेल्या आकड्यांची याहून नेटकी मांडणी माझ्या पाहण्यात नाही, आणि पंचांगकर्त्यांनी ती शतकानुशतके वापरली. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी लिहिली. भास्कराचार्यांची ३९२७ भागिले १२५० ही किंमत कशी येते ते त्यांनी तिथे दाखवले : वर्तुळात बहुभुज काढायचा आणि बाजू दुप्पट करत ३८४ पर्यंत न्यायच्या. मूळ ग्रंथात नुसती किंमत होती, टीकेत तिचे मूळ आले. लायब्ररीच्या माहितीपत्रकाने हेच काम करायचे असते.

आता थोडे यंत्राविषयी. संगणकात पाय पुरा मावत नाही, त्याचा जवळचा शेजारी मावतो. ६४ बिटांत मावणारा शेजारी खऱ्या पायहून किंचित लहान आहे, ३२ बिटांतला किंचित मोठा. त्यामुळे ३२ बिटांतला कोन पायहून मोठा नाही ना, ही साधी तपासणी ६४ बिटांच्या पायशी केली तर चुकीचे उत्तर देते, आणि नकाशाच्या किंवा सिग्नलच्या प्रोग्राममध्ये बरोबर टोकाचा बिंदू गळतो. नवशिका विद्यार्थी पायची साइन काढतो आणि शून्याऐवजी दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये व मग १२२४६ पाहून लायब्ररी बिघडली असे समजतो. ती बिघडलेली नाही. साठवलेला पाय आणि खरा पाय यांच्यातले अंतरच ती प्रामाणिकपणे परत देते आहे. नमपायच्या सी भाषेतल्या मूळ मजकुरात पाय तीन वेगवेगळ्या लांबींच्या संख्यांसाठी तीनदा लिहिला आहे, तो यासाठीच. ज्युलिया या भाषेने आणखी पुढे जाऊन पायला अपरिमेय संख्या म्हणून वेगळा प्रकारच दिला. समोरची संख्या ज्या सूक्ष्मतेची असेल त्या सूक्ष्मतेत तो उतरतो. मला ही मांडणी सर्वांत योग्य वाटते, आणि पुस्तकातला नमुना तिच्याच वळणाने केला आहे.

भौतिक स्थिरांक यात घेतलेले नाहीत. प्रकाशाचा वेग, प्लांकचा स्थिरांक यांचा कारभार निराळा : २० मे २०१९ पासून एककांच्या व्याख्या बदलल्या तेव्हा काही किमती कायमच्या पक्क्या झाल्या, तर आधी पक्की असलेली निर्वातातली चुंबकीय पार्यता मोजमापाची झाली. त्यांच्या कोष्टकावर साल लिहावे लागते. पायला साल लागत नाही.

कोणता स्थिरांक आत घ्यायचा, यावर मतभेद होतात आणि व्हायलाच हवेत. पायच्या दुपटीला टाउ या नावाने पायथॉनमध्ये जागा द्यावी ही सूचना २०११ ची. ती प्रत्यक्षात आली २०१६ अखेरच्या ३.६ आवृत्तीत. पाच वर्षे लागली, ती वाया गेली असे मला वाटत नाही. एकदा आत घेतलेले नाव बाहेर काढता येत नाही. शिवाय कोणाच्या तरी प्रोग्राममध्ये ते नाव आधीच दुसऱ्या कामाला लावलेले असते; विशेषतः ई हे एकाक्षरी नाव लूपमध्ये अगदी सहज झाकले जाते आणि पुढची सगळी घातांकी गणिते मुकाट्याने चुकतात.

वाचक विचारतील म्हणून लिहितो : ६१७४ या यादीत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवलेला हा आकडा मराठी माणसाला प्रिय आहे, मलाही आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. पण हे घडते ते आपण दहाच्या पायावर मोजतो म्हणून. शिवाय ही संख्या कोणत्याही सूत्रात गुणक म्हणून येत नाही. ती प्रक्रियेच्या शेवटी येते. लायब्ररीत तिला स्थिरांक म्हणून बसवण्यापेक्षा ती प्रक्रिया फंक्शन म्हणून द्यावी, म्हणजे वापरणाऱ्याला ६१७४ आयता न मिळता स्वतः गाठता येईल. कापरेकरांनी आयुष्यभर आकड्यांशी जे केले त्याला हेच धरून आहे, म्हणून परिशिष्टात ते फंक्शन पूर्ण लिहून दिले आहे.

पुस्तक बारावीचे गणित झालेल्या आणि पायथॉनची तोंडओळख असलेल्या वाचकासाठी आहे. पहिली दोन प्रकरणे संगणक समोर ठेवूनच वाचावीत. पुराच्या प्रकरणातले नोंदींचे आकडे सरावासाठी रचलेले आहेत, ते गोदावरीचे समजू नयेत. रीत मात्र खरी आहे. गॅमाचे गणित करताना मालिकेची पदे नुसती मिळवत गेलात तर दहा हजार पदांनंतरही चारच अंक पक्के हाती येतात. ती लवकर कशी आटोपायची, ते तिसऱ्या प्रकरणात आहे.